तिसरा वॉशर

थंड इंजिन सुरू करताना थोडा पांढरा धूर निघाला तर कुणी मनावर घेत नाही. आमच्या बोटीचं डिझेल इंजिन मात्र अर्धा तास चालून चांगलं तापल्यावरही पांढरट धूर सोडत होतं. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा. एक्झॉस्टच्या पाण्याबरोबर थोडं न जळलेलं डिझेलही बाहेर पडायचं आणि बोटीच्या मागे सप्तरंगी तवंग पसरायचा. तो तवंग शेजारच्या बोटीपर्यंत पोचला की मी डेकवर काहीतरी शोधत असल्याचं नाटक करायचे.

इंजिन तीन सिलिंडरचं, वयाने माझ्या भाच्यापेक्षा मोठं. पंप मेकॅनिकल, आणि सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टरही मेकॅनिकल. संगणक वगैरे प्रकार नाहीच, म्हणून तर मला हात घालायची हिंमत झाली. कॉमन रेलचं, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारं, इंजिन असतं तर मी हे काम केलंच नसतं. त्या इंजिनांत रेलमधला दाब हजार-दीड हजार बार आणि त्याहूनही वर जातो. चालू इंजिनावर तिथला नट सैल करणं म्हणजे हात गमावण्याची तयारी ठेवणं. माझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये इंजेक्टर उघडण्याचा दाब २०० बार लिहिला होता. तोही काही कमी नाही, पण त्याबद्दल पुढे.

पहिला संशय अर्थातच फिल्टरवर. बोटीत बसवलेल्या पाणी-वेगळं-करणाऱ्या फिल्टरच्या काचेच्या वाटीत बोटभर पाणी दिसलं. डिझेलच्या खाली बसलेलं, स्वच्छ, आणि दोघांच्या सीमेवर काळपट शेवाळासारखा थर. हे खरं शेवाळ नसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी आणि जिवाणू वाढतात, त्यांचा तो चिखल. टाकी अर्धी रिकामी ठेवून बोट महिनोन्‌महिने उभी ठेवली की टाकीच्या आत दव धरतं, ते खाली उतरतं आणि हे सगळं सुरू होतं. आमची बोट अशीच उभी होती. दोष कुणाला देणार?

फिल्टर बदलले, टाकीच्या तळाच्या कॉकमधून पाणी काढलं. तीन बाटल्या गढूळ द्रव निघाला. धूर जैसे थे.

मग मिस्त्रीकाकांना फोन केला. काकांनी आयुष्यभर डिझेल इंजिनं उघडली, आता गुडघ्यांमुळे बोटीत उतरत नाहीत, पण फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला की मान डोलावतात. फोनवरून मान डोलावलेली दिसत नाही, तरी मला कळतं. म्हणाले, "ताई, मिसिंग आहे, एखादा सिलिंडर पेटत नाहीये. एकेक सिलिंडर तोडून बघा."

सिलिंडर तोडणं म्हणजे त्याचं डिझेल तोडणं. इंजिन रिकामं, म्हणजे बोट न ढकलता, हळू चालवायचं. इंजेक्टरवर जिथे दाबाचा पाइप येतो तिथला नट पाऊण आटा सैल करायचा. डिझेल तिथेच गळून जातं, इंजेक्टरपर्यंत दाब पोचत नाही, तो सिलिंडर गप्प होतो. चांगला सिलिंडर गप्प केला की इंजिन लगेच अडखळतं, आर.पी.एम. पडतात. जो सिलिंडर गप्प करूनही इंजिनाला काही फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. नटाभोवती जाड फडकं गुंडाळून, चेहरा लांब ठेवून मी एकेक सैल केला. पहिल्याला इंजिन स्पष्ट लंगडलं. तिसऱ्याला थोडंसं. दुसऱ्याला? काहीच नाही. उलट धूर कमी झाला.

यावरून इंजेक्टरच खराब, असं लगेच म्हणता येत नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरने हवेचा दाब धरणं, गेलेलं असू शकतं, व्हॉल्व्ह जळलेला असू शकतो. पण इंजेक्टर काढायचेच आहेत तर त्या भोकातून कॉम्प्रेशनही मोजता येईल, हा हिशोब करून मी कामाला लागले. नव्या इंजेक्टरचा संच मागवला. इंजेक्टरच्या टोकाखाली बसून सील धरणारे तांब्याचे वॉशर जादा मागवले. हे जादा मागवणं या सगळ्या प्रकरणातलं माझं एकमेव दूरदृष्टीचं काम.

पहिला अख्खा दिवस एकही नट न उघडता गेला, आणि तो वाया गेला असं मला अजूनही वाटत नाही. इंजेक्टरच्या नोझलमध्ये एक सुई असते, ती ज्या नळीत वरखाली होते तिच्यात आणि सुईत अंतर असतं दोन ते चार मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे आपल्याला डोळ्यांना दिसेल असा कोणताही कण त्या जागेसाठी धोंडाच. आणि बोटीतलं इंजिन म्हणजे मीठ, गंज, तेल, जुना रंग आणि कुणीतरी कधीतरी सांडलेलं ग्रीस यांचं संग्रहालय. ब्रश, रॉकेल, फडकी. नंतर हेडवरचा, म्हणजे सिलिंडरांच्या झाकणावरचा, प्रत्येक कोपरा व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने ओढला. भाचा म्हणाला, "आत्या, तू घरचं स्वयंपाकघर एवढं साफ नाही करत." खरंच होतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी केल्या. बॅटरीचा मुख्य स्विच बंद केला. आणि बिल्जचा पंप बंद केला. बोटीच्या तळाशी साचणारं पाणी उपसणारा हा पंप पाणी वाढलं की आपोआप चालू होतो; पण पाइप सोडल्यावर सांडणारं डिझेल तळातच जाणार, आणि ते आपोआप समुद्रात फेकलं जायला नको होतं. त्याची तार थेट बॅटरीवरून, म्हणून त्याचा स्विच वेगळा. त्यावर मी चिकटपट्टी लावून पेनने लिहिलं: पंप बंद आहे. इंजिनाखाली तेल शोषणारे रुमाल अंथरले.

मग पाइप. पंपापासून इंजेक्टरपर्यंत जाणारे हे तीन पोलादी पाइप वेगवेगळ्या वळणांचे दिसतात, पण लांबी तिघांची सारखीच ठेवलेली असते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला डिझेल सारख्याच वेळात पोचतं. त्यामुळे "जरा वाकवला की पाना बसतो" हा मोह टाळायचा. मी पाइपांना जोडणाऱ्या पट्ट्या तशाच ठेवल्या, सहाही नट सोडले आणि तिन्ही पाइप एकत्र, एका सांगाड्यासारखे उचलले. प्रत्येक उघड्या तोंडावर लगेच प्लास्टिकचं टोपण. वरून जाणारी रिटर्नची बारीक नळीही काढली. सुईच्या फटीतून झिरपणारं थोडंसं डिझेल त्या नळीने परत जातं. तेवढंच त्या सुईचं वंगण. तिच्या प्रत्येक जोडाला वर एक आणि खाली एक असे तांब्याचे बारीक वॉशर असतात. एक माझ्या हातून सुटला आणि टण् टण् करत इंजिनाखाली गेला. चुंबकाने शोधायला लागले आणि पाच मिनिटांनी आठवलं की तांबं चुंबकाला चिकटत नाही.

आता इंजेक्टर. माझ्या इंजिनात प्रत्येक इंजेक्टर दोन स्टडवरच्या एका क्लॅम्पने दाबून बसवलेला. नट सोडले, क्लॅम्प उचलला, इंजेक्टरला पाना लावून डावीउजवीकडे जरा हलवलं. पहिला बुचासारखा वर आला. मला वाटलं, एवढंच? दुसरा, म्हणजे ज्याच्यावर सगळा आळ होता तो, थोडा कुरकुरला आणि निघाला. त्याचं टोक काळं, ओलं, कार्बनची छोटी टोपी घातलेलं.

तिसऱ्याने दोन दिवस घेतले.

तो हललाच नाही. इंजेक्टरची बॉडी आणि हेडची भिंत यांच्यामध्ये गंज आणि कार्बन एकत्र बसून सिमेंटसारखे झाले होते. अशा वेळी पहिला विचार येतो तो मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने खालून उचकटायचा. तो करू नये. हेडचा पृष्ठभाग ओरखडला जातो, आणि काही इंजिनांत तर इंजेक्टर एका पातळ नळकांड्यात बसतो ज्याच्या बाहेरून इंजिन थंड ठेवणारं पाणी खेळत असतं. इंजेक्टरबरोबर ते नळकांडंही उपटलं तर पाणी थेट सिलिंडरमध्ये. माझ्या इंजिनात तसं नळकांडं नव्हतं, हे मॅन्युअलमध्ये तीनदा वाचून खात्री केली, तरी हात आखडलेलाच होता.

गंज सोडवणारं तेल त्याच्या भोवती टाकलं आणि थांबले. दर दोन तासांनी आणखी थोडं. मध्येच पाना लावून किंचित हलवायचं, पुन्हा तेल. या थांबण्यात करण्यासारखं काही नसतं. मी पायऱ्यांवर बसून भाच्याला रुडॉल्फ डिझेलची गोष्ट सांगितली. १८९७ साली त्याचं चालणारं इंजिन लोकांनी पाहिलं तेव्हा त्यात असा इंजेक्टर नव्हताच. डिझेल दाबलेल्या हवेने सिलिंडरमध्ये फुंकलं जायचं आणि ती हवा दाबायला इंजिनाला वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागायचा. कॉम्प्रेसर जड, कटकटीचा. म्हणून सुरुवातीला ही इंजिनं कारखान्यांत आणि मोठ्या जहाजांवरच शोभली. द्रव डिझेलच पंपाने दाबून बारीक भोकांतून उडवायचं हे पुढे जमलं, १९२७ साली बॉशने असे पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतले, आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये, ट्रॅक्टरमध्ये, आमच्यासारख्यांच्या छोट्या बोटीत मावलं. आणि स्वतः डिझेलचं काय झालं? भाच्याने विचारलं. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाताना तो रात्री बोटीवरून नाहीसा झाला. पुढे समुद्रात त्याचं प्रेत मिळालं. आत्महत्या की अपघात, आजवर वाद आहे. भाचा बराच वेळ तिसऱ्या इंजेक्टरकडे बघत बसला. "मला वाटतं त्याचापण असाच अडकला असणार," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पान्याला किंचित झोल जाणवला. एखाद्या अंशाचा. पण झोल म्हणजे झोल. मग काकांनी सांगितलेला सरकता हातोडा वापरला. एक लांब सळई, तिच्या एका टोकाला इंजेक्टरच्या पाइपच्या आट्यांवर बसेल असा नट, दुसऱ्या टोकाला आडवी पट्टी, आणि मध्ये सळईवर सरकणारं जड लोखंडी वजन. वजन जोरात मागे सरकवून पट्टीवर आपटायचं. प्रत्येक ठोक्याला इंजेक्टर सरळ वर ओढला जातो, वाकडा नाही. हा नट पूर्ण खोलवर फिरवून घ्यावा लागतो, नाहीतर आटे जातात. पंधरा-वीस ठोके. दोन ठोक्यांच्या मध्ये डावीउजवीकडे हलवणं. शेवटी एक ओला, चोखल्यासारखा आवाज झाला आणि तिसरा माझ्या छातीवर आला.

आनंदाच्या भरात मी तिन्ही इंजेक्टर फडक्यावर ओळीने मांडले. भाचा वाकून बघत होता.

"आत्या, या दोघांच्या टोकाला तांब्याची चकती आहे. तिसऱ्याची कुठंय?"

"पडली असेल काढताना. खाली बघ."

त्याने खाली बघितलं. सापडली नाही. रिटर्नचा एक वॉशर सापडला, मघाचा. "बारकी आहे ही," तो म्हणाला. मी म्हटलं, सापडेल नंतर.

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहून ठेवते.

कॉम्प्रेशन मोजलं. इंजेक्टरच्या भोकात बसणारा गेज भाड्याने आणला होता. बॅटरी चालू केली, पण त्याआधी डिझेल तोडणारा स्टॉपचा दांडा ओढून ठेवला, नाहीतर सेल मारताना पंप उघड्या तोंडांतून डिझेल उडवतो. तिन्ही सिलिंडर अठ्ठावीस बारच्या आसपास, एकमेकांत फारसा फरक नाही. इतकं हायसं वाटलं! म्हणजे इंजिनाचं पोट शाबूत होतं, दोष तोंडातच होता.

जुने आणि नवे, सहाही इंजेक्टर घेऊन पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे गेले. नवे कशाला, तो म्हणाला, सीलबंद आहेत की. मी म्हटलं, लावा. टेस्टर म्हणजे हाताने दाबायचा दांडा, वर एक गेज, आणि पाइपाला लटकवलेला इंजेक्टर. दांडा दाबला की गेजचा काटा चढत जातो आणि ठराविक दाबाला सुई उचलली जाऊन डिझेल उडतं. चांगला नोझल कर्रर्र असा कुरकुरीत आवाज करतो आणि प्रत्येक भोकातून सारख्या आकाराचं धुकं निघतं. दाब उघडण्याच्या आकड्याच्या जरासा खाली धरून ठेवला तर दहा सेकंदांत टोकावर थेंब धरता कामा नये.

जुना पहिला: १९० ला उघडला, धुकं बरं. जुना तिसरा: १८० च्या जवळ, एक भोक जवळपास बंद, तीनच धारा. जुना दुसरा: १५० लाच सुटला, आणि सुटला म्हणजे काय, नळ गळावा तसा मुतला. कर्रर्र नाही, धुकं नाही, एक धार आणि मग टोकावर थेंब, थेंब, थेंब. हे थेंब सिलिंडरमध्ये पडत होते, न जळता मागे तवंग होऊन पसरत होते. तीन आठवडे जे डोक्यात घोळत होतं ते दांड्याच्या एका दाबात समोर दिसलं. त्याने सुई काढून दाखवली. टोकाजवळ खडबडीत, चरे पडलेली. पाणी, म्हणाला. डिझेलमधलं पाणी तिथे पोचतं तेव्हा वंगण राहत नाही, गंज धरतो, आणि गरम टोकाला पाण्याची वाफ होऊन धातू उडतो.

नव्यांपैकी दोन बरोबर २०० ला उघडले. तिसरा १८८ ला. सीलबंद होता तरी. त्याने तो उघडून स्प्रिंगच्या डोक्यावर एक पातळ चकती वाढवली; एक दशांश मिलिमीटरने साधारण दहा बारचा फरक पडतो. पुन्हा लावला, २००. मी त्याच्याकडे काही न बोलता बघितलं, त्यानेही काही न बोलता पुढचा इंजेक्टर उचलला.

तो धारेसमोर हात कधीच आणत नव्हता, हेही बघून ठेवलं. त्या धुक्याचं तोंड बोटाला लागलं तर डिझेल कातडी भेदून आत जातं. वरून टाचणी टोचल्याएवढं भोक दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि आत मांस मरायला लागतं. असं झालं तर पट्टी बांधून घरी बसायचं नसतं, त्याच तासाला शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जायचं असतं. रबरी हातमोज्यांचा इथे काडीचा उपयोग नाही.

बसवणं त्यामानाने झटपट. भोकांच्या तळाची बैठक ग्रीस लावलेल्या फडक्याच्या काडीने पुसली, म्हणजे कार्बन ग्रीसला चिकटतो, खाली सिलिंडरमध्ये पडत नाही. नवा तांब्याचा वॉशर ग्रीसच्या ठिपक्याने इंजेक्टरच्या टोकाला चिकटवला. बॉडीला तांब्याचं ग्रीस अगदी पातळ, टोकाला नाही. पुढच्या वेळी जो कुणी काढेल, बहुधा मीच, त्याच्यासाठी. क्लॅम्प आधी नुसता हाताने, मग पाइपांचे नट बोटांनी आटे धरेपर्यंत, मग क्लॅम्प, किती जोर लागला ते दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने, दोन्ही नट आलटूनपालटून, आणि शेवटी पाइप. हा क्रम उलटा केला तर पाइप तिरके बसतात आणि नट पहिल्याच आट्याला चढतो. क्लॅम्पचा आकडा मॅन्युअलमध्ये अगदी लहान होता, मनगटाच्या जोराएवढा. "जरा आणखी" हा आपला स्वभाव इथे आवरावा लागतो. जास्त आवळलं तर नोझल दबून सुई अडकते.

आणि मग एअर काढणं. डिझेलच्या वाटेत हवेचा बुडबुडा राहिला तर पंप त्या बुडबुड्यालाच दाबत आणि सोडत बसतो, इंजेक्टर उघडतच नाही. टाकीच्या बाजूने सुरुवात करायची: फिल्टरवरचा स्क्रू सैल, टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाची छोटी दांडी अंगठ्याने चालवायची, फेस येतो, मग फेसाळ डिझेल, मग सलग. स्क्रू बंद. पुढे पंपावरचा स्क्रू, तसंच. माझी दांडी सुरुवातीला नुसतीच लुळी पडत होती, काही ओढत नव्हती. काका फोनवर म्हणाले, "कॅमवर अडकलीय. इंजिन अर्धा फेरा फिरवा." फिरवलं, दांडी जिवंत झाली. शेवटी इंजेक्टरवरचे तीन नट सैल ठेवून सेल मारायचा, डिझेल यायला लागलं की आवळायचे.

सेल मारणार एवढ्यात काकांनी विचारलं, "ताई, समुद्राचं पाणी बंद केलंत?"

नव्हतं केलं. आणि हे बोटीचं खास आहे, जमिनीवर इंजिन शिकलेल्याला सुचत नाही. बोटीत इंजिन फिरलं की समुद्राचं पाणी ओढणारा पंपही फिरतो आणि ते पाणी एक्झॉस्टमध्ये सोडतो. इंजिन चालू असतं तेव्हा धुराचा जोर त्या पाण्याला बाहेर ढकलतो. नुसताच सेल मारत राहिलं तर धूर नाही, जोर नाही, पाणी सायलेन्सरच्या डब्यात भरत जातं, आणि डबा भरला की उलटं एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये. पाणी दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. नवे इंजेक्टर बसवून इंजिनच घालवायची ही सरळ वाट. कॉम्प्रेशन मोजतानाही मी समुद्राच्या पाण्याचा कॉक उघडाच ठेवला होता, हे तेव्हा आठवून पोटात गोळा आला. थोडक्यात निभावलं होतं. सायलेन्सरच्या डब्याचा तळाचा स्क्रू काढून साचलेलं पाणी सोडलं, कॉक बंद केला, आणि भाच्याला कॉकपाशीच बसवलं. इंजिन लागलं की त्याच क्षणी उघडायचा, नाहीतर कोरड्या पंपाचा रबरी इम्पेलर जळेल.

दहा सेकंद सेल, मग थांबणं, स्टार्टर थंड होऊ देणं. पुन्हा दहा. तिसऱ्या वेळी नटांभोवती डिझेल आलं. आवळले. चौथ्या वेळी इंजिन एकदा ठसकलं, दोनदा ठसकलं आणि लागलं. "उघड!" मी ओरडले, त्याने आधीच उघडला होता.

धूर नाही. सप्तरंग नाहीत. आवाज गोल, तिन्ही सिलिंडरांचा. मी पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन पाइपांच्या जोडांभोवती फिरवला. गळती बघायला बोट नाही, पुठ्ठा. कोरडा.

आणि मग तो आवाज. चिक्-चिक्-चिक्. तिसऱ्या सिलिंडरकडून, दर दोन फेऱ्यांना एकदा. इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं तर बुडबुडे. काळे. कॉम्प्रेशन इंजेक्टरच्या बाजूने बाहेर येत होतं.

क्लॅम्प नीट आवळला नसेल, असं मी स्वतःला दहा मिनिटं सांगितलं. टॉर्क पाना लावला, आकडा बरोबर. थोडा जास्त आवळायचा विचार आला आणि हात पान्यावर गेलाही. भाचा म्हणाला, "आत्या, ती चकती सापडलीच नाही अजून." त्याच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता. त्याला खरंच ती चकती हवी होती.

इंजिन बंद. पाइप, क्लॅम्प, इंजेक्टर, पुन्हा सगळं बाहेर. या वेळी वीस मिनिटांत. भोकात टॉर्च मारली. तळाशी कार्बनने काळा पडलेला जुना वॉशर आपल्या जागी शांत बसला होता. बैठकीचाच भाग वाटावा इतका बेमालूम. पुसताना माझी काडी त्याच्यावरूनच फिरली होती. नवा वॉशर त्याच्यावर बसला, दोन वॉशर एकावर एक, इंजेक्टर एका वॉशरच्या जाडीने वर, आणि जुन्या कडक, ओबडधोबड तांब्यावर नव्या वॉशरची सील धरणं शक्यच नव्हतं. तांबं वापराने कडक होतं. म्हणून तर लोक जुना वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात आणि पुन्हा मऊ करून घेतात. वर्षानुवर्षं तिथे दबलेला हा मऊ कुठून असणार?

त्याला काढायला एक निमुळती जुनी कानस कामी आली. शेपटीचं टोक वॉशरच्या भोकात हलकेच रुतवलं, फिरवलं, वॉशर टोकाला धरला गेला आणि वर आला. तांब्याचा कीस आत पडला असेल तर? सगळे इंजेक्टर काढले, कॉक बंद, स्टॉपचा दांडा ओढलेला, सगळ्यांना बाजूला करून दोन-तीन सेकंद सेल मारला. तिन्ही भोकांतून फाट् फाट् करत हवा बाहेर आली आणि बरोबर काळ्या कणांचा एक छोटा फवारा छताला लागला. तो डाग अजून तिथे आहे.

तिन्ही जागी पुन्हा नवे वॉशर. एकदा दाबलेला वॉशर परत वापरायचा नाही, म्हणून जादा मागवलेले संपले. इंजिन दुसऱ्या सेलला लागलं. चिक्-चिक् नाही.

दुसऱ्या दिवशी बोट बाहेर काढली आणि तासभर लोडवर चालवली. रिकाम्या इंजिनाने सगळेच इंजेक्टर शहाण्यासारखे वागतात, खरं ते पंखा पाण्यात जोर लावतो तेव्हा कळतं. पूर्ण लोडला हलका करडा धूर, तेवढा असतोच. मागे पाणी स्वच्छ. परत आल्यावर डिपस्टिक काढली: तेल खुणेच्या वर चढलेलं, आणि बोटांत चोळलं तर पातळ, डिझेलच्या वासाचं. दुसऱ्या सिलिंडरमधले ते थेंब सगळेच मागे तवंगात गेले नव्हते. बरेचसे पिस्टनच्या कडेने खाली उतरले होते. तेल आणि तेलाचा फिल्टर बदलला. इंजेक्टर बदलायच्या यादीत हे मी लिहिलंच नव्हतं, पण खरं तर तिथेच पहिल्यांदा बघायला हवं होतं.

दहा तास चालल्यावर क्लॅम्पचे नट पुन्हा तपासले, तांबं बसतं म्हणून. दोन जागी काही हललं नाही. तिसऱ्याचा एक नट जरासा सरकला, आकड्यावर आला आणि थांबला. काकांना कळवलं तर म्हणाले, "आता त्याला हात लावू नका."

हे सगळं झाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी मी बोटीत उतरले आणि इंजिनाकडे जाणाऱ्या फळीवर पाय टाकला तेव्हा पाय घोट्यापर्यंत पाण्यात गेला. पंख्याच्या दांड्याजवळून थेंब थेंब पाणी आत येतंच, यायलाच हवं, ते उपसायला पंप असतो. स्विचवरची चिकटपट्टी तेलकट होऊन कधीच सुटली होती आणि पाण्यावर तरंगत होती. पेनाचं अक्षर मात्र पुसलं नव्हतं: पंप बंद आहे.